डोंबिवलीत मालक, गोरेगावात भाडेकरू

मे 2022 च्या शेवटच्या आठवड्यात, चार दिवसांच्या अंतराने, मी दोन करारांसाठी अंगठ्याचा ठसा दिला. पहिला करार डोंबिवली पूर्वेतल्या आमच्या घराचा होता आणि त्यात माझे नाव ‘लायसन्सर’, म्हणजे घर वापरायला देणारी मालक, म्हणून होते. दुसरा गोरेगाव पूर्वेतल्या एका घराचा होता आणि त्यात मी ‘लायसन्सी’, म्हणजे ते वापरायला घेणारी, होते. दोन्ही वेळा एजंटचा माणूस लॅपटॉप, कॅमेरा आणि ठसे घेण्याचे छोटे यंत्र पिशवीतून घेऊन आला आणि अर्ध्या तासात नोंदणीचे काम उरकून गेला. गोरेगावच्या घराच्या मालकांचे मात्र अर्ध्या तासात भागले नाही. आम्ही त्यांना पहिल्या भेटीपासून काकाच म्हणतो. तेव्हा ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते आणि त्यांचा अंगठा यंत्राला वाचताच येईना. चार वेळा प्रयत्न झाला, काकूंनी ओला रुमाल आणून दिला, काकांनी बोटे पुसली, पुन्हा टेकवली, आणि शेवटी डाव्या हाताचा ठसा लागला. “छापखान्यात आयुष्यभर खिळे जुळवले, बोटांवरच्या रेषा तिथेच झिजल्या,” असे ते म्हणाले. त्या वाक्यानंतर त्यांच्याविषयी माझ्या मनात असलेले ‘घरमालक’ हे चित्र बदलले. हे घर त्यांनी कोणत्या कष्टांतून घेतले असेल ते मला त्यांच्या बोटांत दिसले, कारण डोंबिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांमागेही तसेच कष्ट होते.

स्वतःचे घर असताना भाड्याच्या घरात का राहायला गेलात, हा प्रश्न आम्हाला नातेवाइकांनी इतक्या वेळा विचारला की त्याचे उत्तर इथे एकदाचे नीट लिहून ठेवते. आमचे घर 2013 साली वीस वर्षांच्या कर्जावर घेतलेले आहे. माझे कार्यालय गोरेगावला आहे. शेअर रिक्षाने डोंबिवली स्थानक, तिथून फास्ट लोकलने दादर, दादरचा पूल ओलांडून वेस्टर्नची गाडी आणि गोरेगावला उतरून पुन्हा रिक्षा, असा प्रवास दारापासून दारापर्यंत पावणेदोन ते दोन तासांचा होता. नऊ वर्षे मी तो केला आणि त्याबद्दल माझी तक्रार नव्हती, कारण डोंबिवलीतल्या हजारो बायका तो रोज करतात. परंतु 2021 च्या हिवाळ्यात सासूबाईंना कंपवात असल्याचे निदान झाले. पुढच्या चार महिन्यांत त्या घरात दोनदा पडल्या. दुसऱ्यांदा पडल्या तेव्हा घरात फक्त नऊ वर्षांची मुलगी होती. तिने मला फोन केला त्या वेळी मी दादरच्या पुलावर होते आणि घरी पोहोचायला मला एक तास दहा मिनिटे लागली. शेजारच्या वहिनी तोपर्यंत येऊन बसल्या होत्या, म्हणून निभावले. त्या रात्री नवरा आणि मी ठरवले की आमच्यापैकी एकाला अर्ध्या तासात घरी पोहोचता आले पाहिजे. त्याचे काम महिन्यातले पंधरा दिवस फिरतीचे असल्याने ते माझ्या कार्यालयाजवळच राहिल्याने शक्य होते.

डोंबिवलीचे घर विकून गोरेगावला घ्यावे, असेही सुचवणारे होते. आम्ही तो हिशेब कागदावर मांडला होता. आमच्या घराचे पन्नास लाखांच्या आसपास आले असते, त्यातून जुने कर्ज फेडावे लागले असते, आणि गोरेगावला तेवढ्याच आकाराच्या घराची किंमत एक कोटीच्या पुढे होती. सत्तर लाखांचे नवे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढले तर महिन्याचा हप्ता साठ हजारांच्या वर जातो. याउलट आमचा चालू हप्ता एकोणीस हजारांचा होता, डोंबिवलीचे भाडे चौदा हजार येणार होते आणि गोरेगावचे चौतीस हजार जाणार होते. म्हणजे पूर्वीपेक्षा महिन्याला वीस हजार रुपये जास्त जाणार होते. ही रक्कम आम्हाला लहान नव्हती, परंतु ती ज्या दिवशी झेपणार नाही त्या दिवशी परत डोंबिवलीला जाण्याची वाट मोकळी राहत होती. साठ हजारांच्या हप्त्याने ती वाट बंद झाली असती.

घर भाड्याने द्यायला सर्वांत जास्त विरोध माझ्या वडिलांचा होता. “भाडेकरू आला म्हणजे घर गेले,” हे त्यांचे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे आणि त्यांच्या पिढीतल्या मुंबईकरांच्या बाबतीत ती भीती निराधार नव्हती. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली, भाडेकरूला बाहेर काढणे जवळजवळ अशक्य झाले, म्हणून मालकांनी ‘भाडे’ हा शब्दच टाळून ‘लिव्ह अँड लायसन्स’चा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर फक्त वापरायला देण्याचा, मार्ग काढला. पुढे त्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि 1 फेब्रुवारी 1973 रोजी जे लायसन्सी घरात राहत होते त्यांना भाडेकरूचे संरक्षण मिळाले. काल ज्याला वर्षभरासाठी खोली वापरायला दिली तो आज कायद्याने भाडेकरू झाला, हे ज्यांनी जवळून पाहिले त्यांनी पुढे घरे कुलूप लावून ठेवली, पण भाड्याने दिली नाहीत. 2011 च्या जनगणनेत शहरी भारतात एक कोटीहून अधिक घरे रिकामी आढळली, त्यामागच्या अनेक कारणांत ही भीती एक असणार असे मला वाटते. वडिलांना मी समजावले ते असे की आता लागू आहे तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा आहे, तो 31 मार्च 2000 पासून अमलात आला, आणि त्याच्या 24 व्या कलमात लायसन्सची मुदत संपल्यावर घर रिकामे न करणाऱ्याकडून दुप्पट दराने नुकसानभरपाई घेण्याची आणि सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन घर परत मिळवण्याची तरतूद आहे. ते पूर्ण पटले नसावेत, पण त्यांनी विरोध सोडला.

त्याच कायद्याचे 55 वे कलम मालकांनी आणि भाडेकरूंनी दोघांनीही वाचावे असे आहे. करार लेखी असला पाहिजे, त्याची नोंदणी झाली पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, असे ते सांगते. नोंदणी केली नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि लेखी नोंदलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. हे माहीत असूनही ओळखीचे लोक पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर नोटरी करून भागवतात, आणि खर्च वाचला असे समजतात. वाचतो किती, तेही सांगते. मुद्रांक शुल्क हे संपूर्ण मुदतीचे भाडे आणि अनामत रकमेवरचे वार्षिक 10 टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का असते. अकरा महिने चौदा हजार रुपये भाडे आणि पन्नास हजार अनामत धरून आमच्या डोंबिवलीच्या कराराला सुमारे चारशे रुपये मुद्रांक शुल्क लागले, आणि महापालिका हद्दीतली नोंदणी फी एक हजार. गोरेगावला अनामत दीड लाख होती, तिथेही मुद्रांक शुल्क हजाराच्या आसपासच आले. इतक्या रकमेसाठी दोन कुटुंबांनी झोप उडवून घ्यावी असे मला वाटत नाही.

सोसायटीचा अनुभव मात्र कडवट होता. भाडेकरूंची कागदपत्रे आणि पोलीस ठाण्यात दिलेल्या माहितीची प्रत मी स्वतः नेऊन दिली, तेव्हा समितीने सांगितले की घर भाड्याने दिले तर दरमहा पंधराशे रुपये बिनवहिवाट शुल्क भरावे लागेल, कारण ‘तुम्हाला भाडे मिळते आहे’. महाराष्ट्र शासनाच्या 1 ऑगस्ट 2001 च्या परिपत्रकानुसार हे शुल्क सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि सेवा शुल्क म्हणजे आपण महिन्याला भरतो ते सगळे बिल नव्हे. मालमत्ता कर, पाणीपट्टी, दुरुस्ती निधी, सिंकिंग फंड हे त्यातून वगळायचे असतात. आमच्या बिलात सेवा शुल्काचा भाग चौदाशे रुपये होता, म्हणजे बिनवहिवाट शुल्क झाले एकशे चाळीस. मी परिपत्रकाची प्रत जोडून अर्ज दिला. दोन महिने उत्तर आले नाही, जिन्यात भेटणाऱ्या एक-दोघांनी बोलणे कमी केले, आणि तिसऱ्या महिन्यात बिल दुरुस्त होऊन आले. ज्या माणसांबरोबर नऊ वर्षे गणपती बसवला त्यांनी मला एकदम ‘बाहेरची’ धरावे याचे वाईट वाटले, ते अजून पूर्ण गेलेले नाही.

आयकराबद्दल मला सर्वांत जास्त विचारणा होते, म्हणून आमचे आकडे देते. स्वतःचे घर भाड्याने दिलेले असेल आणि आपण दुसरीकडे खरोखर भाडे भरत असू, तर जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची सूट आणि गृहकर्जाच्या व्याजाची वजावट दोन्ही घेता येतात. एकाने दुसरी बाद होत नाही. आमचे डोंबिवलीचे वर्षाचे भाडे 1,68,000 रुपये. त्यातून आम्ही भरलेला मालमत्ता कर सहा हजार वजा केला, की 1,62,000 उरतात. त्यावर दुरुस्ती-देखभालीसाठी सरसकट 30 टक्के, म्हणजे 48,600 रुपये वजा होतात. त्यासाठी पावत्या दाखवाव्या लागत नाहीत. उरलेल्या 1,13,400 मधून कर्जाचे व्याज 1,30,000 वजा केल्यावर 16,600 रुपयांचा तोटा आला, तो जुन्या प्रणालीत पगाराच्या उत्पन्नातून वळता झाला. असा तोटा वर्षाला दोन लाखांपर्यंतच वळता करता येतो. नव्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची सूट नाही आणि हा तोटाही पगारातून वळता होत नाही, त्यामुळे दोन्हीकडचा हिशेब करूनच निवड करावी. वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर असेल तर मालकाचा पॅन कार्यालयात द्यावा लागतो. काकांनी तो पहिल्याच दिवशी, न मागता, करारासोबत दिला होता.

इथपर्यंतचे सगळे कागदावरचे होते. मालक आणि भाडेकरू एकाच वेळी असणे म्हणजे काय, ते मला जुलै 2023 मध्ये कळले.

एका रात्री दहाच्या सुमारास डोंबिवलीहून आमच्या भाडेकरूचा फोन आला. ते जळगावचे जोडपे, दोन वर्षांचा मुलगा. “ताई, खालच्या काकांच्या बाथरूमच्या छतातून पाणी टपकते आहे, ते आत्ता येऊन गेले,” असे सांगून त्यांनी फोटो पाठवले. त्याच आठवड्यात गोरेगावच्या घरात, जिथे सासूबाईंचा पलंग लावलेला होता, त्या पश्चिमेकडच्या भिंतीवर ओल धरली होती. आधी रंगाला फुगवटे आले, मग हाताने चाचपले की ओला चुना बोटांना लागू लागला, आणि खोलीत कुबट वास भरला. घरमालक काकांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “पावसाळा संपू द्या, मग बघू.” मी चिडले होते. सासूबाई दिवसातले अठरा तास त्या खोलीत असतात आणि मालक पावसाळा संपण्याची वाट पाहायला सांगतो, असा तो राग होता.

त्याच रागाच्या भरात मी शनिवारी डोंबिवलीला गेले. प्लंबरने नहाणी ट्रॅपभोवतीच्या, म्हणजे सांडपाणी जाण्याच्या जाळीखालच्या भांड्याभोवतीच्या, चार टाइल्स फोडून दाखवल्या. ट्रॅपचा सांधा सुटला होता आणि पाणी कोब्यात मुरत होते. पूर्ण बाथरूमची फरशी काढून वॉटरप्रूफिंग करावे लागेल, पाच दिवस बाथरूम बंद राहील, खर्च तेवीस हजार. माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच की पावसाळा संपेपर्यंत थांबता येईल का. मी तो बोलले नाही, पण आला हे खरे. मग दारात मुलाला कडेवर घेऊन उभ्या असलेल्या त्या भाडेकरू मुलीकडे पाहिले. ती काही मागत नव्हती. ती फक्त माझे उत्तर काय येते याची वाट पाहत होती, आणि तशीच वाट मी आठवडाभर काकांच्या उत्तराची पाहत होते.

काम सोमवारी सुरू केले. ते कुटुंब पाच दिवस कल्याणला बहिणीकडे राहिले आणि त्या पाच दिवसांचे भाडे, 2,450 रुपये, मी पुढच्या महिन्यातून वजा केले. करारात तसे कलम नव्हते. ज्या पाच दिवसांत घर वापरता आले नाही त्या दिवसांचे पैसे घेणे मला योग्य वाटले नाही, एवढेच. खालच्या घराच्या छताचा रंगही आम्ही करून दिला, कारण सांधा आमच्या ट्रॅपचा सुटला होता.

गोरेगावच्या भिंतीचा प्रश्न त्यानंतर वेगळ्या रीतीने सुटला. डोंबिवलीत सोसायटीची सभासद म्हणून मी उपविधी, म्हणजे सोसायटीच्या कारभाराचे नियम, वाचलेले होते, त्यामुळे मला माहीत होते की बाहेरच्या भिंतीतून येणाऱ्या पावसाच्या पाण्याची गळती दुरुस्त करणे हे आदर्श उपविधींनुसार सोसायटीचे काम आहे, त्या एका सभासदाचे नव्हे. काकांना हे ठाऊक नव्हते. त्यांना वाटत होते की परांची बांधून बाहेरून भेगा भरण्याचा सगळा खर्च त्यांच्या पेन्शनमधून जाणार, आणि ‘पावसाळा संपू द्या’ याचा अर्थ ‘पैसे जमवू द्या’ असा होता. भाडेकरूच्या अर्जाला सोसायटीत किंमत नसते, म्हणून अर्ज मी लिहिला, ओलीचे फोटो जोडले आणि काकांनी त्यावर सही केली. ऑक्टोबरमध्ये सोसायटीने त्या बाजूच्या भेगा भरून घेतल्या. तोपर्यंत सासूबाईंचा पलंग आम्ही बाहेरच्या खोलीत हलवला होता. त्यानंतर काका माझ्याशी मोकळेपणाने बोलू लागले आणि त्या वर्षीच्या नूतनीकरणात त्यांनी ठरलेली पाच टक्के वाढ सहा महिने पुढे ढकलली.

त्या प्रसंगानंतर डोंबिवलीच्या पुढच्या करारात आम्ही दुरुस्तीचे कलम स्पष्ट लिहिले. नळाचे वॉशर, बल्ब, फ्लशचा फ्लोट असा पाचशे रुपयांपर्यंतचा खर्च राहणाऱ्याचा. नळजोडणी, वायरिंग, गळती, गिझर हे मालकाचे. आणि गळतीची माहिती मिळाल्यापासून तीन दिवसांत माणूस पाठवणे मालकावर बंधनकारक. एजंटने सांगितले की मालक स्वतःहून अशी अट घालत नाहीत. छापील मसुद्यात मालकाचे हक्क दोन पाने आणि कर्तव्ये दोन ओळी असतात. भाडेकरू म्हणून मी तो मसुदा तीन वेळा सही केला आहे, त्यामुळे त्या दोन ओळी कुठे अपुऱ्या पडतात हे मला माहीत आहे.

सासूबाईंविषयी लिहिल्याशिवाय हे अपुरे राहील. गोरेगावला आल्याने त्यांची सुरक्षितता वाढली, फिजिओथेरपी नियमित झाली, मी दुपारच्या सुट्टीतही घरी येऊन जाते. परंतु त्यांची माणसे डोंबिवलीत राहिली. भजनी मंडळाच्या बायका, भाजीवाली, रोज संध्याकाळी कट्ट्यावर भेटणाऱ्या दोघी मैत्रिणी, या सगळ्यांना त्या एका कराराने मुकल्या, आणि त्या करारावर त्यांची सही नव्हती. त्यांची तुळस आम्ही कुंडीसकट सोबत आणली, पण गोरेगावच्या बाल्कनीत ऊन सकाळी तासभरच येते, ती पहिल्याच पावसाळ्यात गेली. डोंबिवलीच्या भाडेकरू मुलीला हे कळले तेव्हा ती आमच्या खिडकीतल्या जुन्या मंजिऱ्यांपासून आलेली दोन रोपे मातीसकट दुधाच्या पिशवीत घालून घेऊन आली. सासूबाईंनी तिला बसवून घेतले आणि खिडकीच्या ग्रिलचा कोणता कोपरा उन्हाचा आहे, तो कोणत्या महिन्यात बदलतो, हे सांगत राहिल्या. दोन अनोळखी बायका एकाच खिडकीबद्दल एक तास बोलल्या.

फेब्रुवारी 2025 च्या अखेरीस ते कुटुंब गेले. त्यांनी बदलापूरला स्वतःचे घर घेतले. मी किल्ल्या घ्यायला गेले तेव्हा घर झाडून पुसून ठेवलेले होते, ओट्यावर विजेच्या शेवटच्या बिलाची पावती ठेवली होती, आणि स्वयंपाकघराच्या चौकटीवर आमच्या मुलीच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा तशाच होत्या. मधल्या काळात त्यांनी स्वतःच्या खर्चाने स्वयंपाकघराला रंग दिला होता. रंगाऱ्याला सांगून तेवढी पट्टी त्यांनी सोडायला लावली होती, हे मला तेव्हाच कळले. अनामतीचे पन्नास हजार मी तिथेच उभी राहून त्यांच्या खात्यात पाठवले. घर सोडताना अनामत हातात पडेपर्यंत भाडेकरूचा जीव टांगणीला असतो, आणि नव्या घराची अनामत किंवा हप्ता त्यातूनच भरायचा असतो. ‘आठवड्याभरात देतो’ हे वाक्य कोणत्याही मालकाने उच्चारू नये असे मला मनापासून वाटते.

ते गेल्यावर मी दुपारभर त्या रिकाम्या घरात थांबले. माळ्यावरचे आमचे दोन पेटारे उघडून पाहिले, गिझर चालू करून पाहिला, नहाणीत बादलीभर पाणी ओतून खालच्या काकांना फोन करून छत कोरडे आहे ना ते विचारले. कोरडे होते. मुलीची दहावी होईपर्यंत आम्ही गोरेगावलाच राहायचे ठरवले आहे, त्यामुळे त्या आठवड्यात नवे कुटुंब येणार होते. शिक्षक दांपत्य, सोबत त्यांची वृद्ध आई. त्यांच्यासाठी बाथरूममध्ये कमोडच्या बाजूला आणि नळाजवळ, सासूबाईंच्या उंचीच्या अंदाजाने, स्टीलच्या दोन धरायच्या दांड्या बसवून घेतल्या आणि संध्याकाळच्या लोकलने गोरेगावला परत आले.